चार दिवस नीट, पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या : मुलांच्या सवयी टिकत नसतील तर काय तपासायचं

तक्रार सगळ्यांची एकच, फक्त वस्तू वेगळी. कुणाचा डबा दप्तरातच राहतो, कुणाच्या चपला उंबऱ्यात उलट्यापालट्या, कुणी जेवलेलं ताट तिथंच सोडून उठतं. एखाद्या रविवारी आईबाबा मनावर घेतात. भिंतीवर तक्ता लागतो, चांदण्या चिकटतात. सोमवार ते गुरुवार पोरगं शहाण्यासारखं वागतं. शुक्रवारी तक्त्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पुढच्या आठवड्यात त्याचा कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यावर फडफडायला लागतो. महिन्याभराने नवा तक्ता, नवा रंग, पुन्हा तेच.

मी सोलापुरात पूर्व भागात बालवाडीत शिकवते. शाळा सुटताना दाराशी थांबून पालक हमखास विचारतात, "बाई, तुमच्याकडे सगळं करतो म्हणता, मग घरी काय होतंय त्याला?" उत्तर अर्धं त्या प्रश्नातच आहे. तेच मूल, तेच हात. बदलते ती खुंटीची उंची आणि आजूबाजूची माणसं. बालवाडीत बाई एक आणि मुलं वर्गभर, त्यामुळे कुणाचं काम दुसरं कुणी करून टाकत नाही. घरी एक मूल आणि त्याच्याभोवती चार मोठी माणसं.

म्हणून मूल हट्टी की आळशी हे ठरवण्याआधी काम तपासा. खाली ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने तपासा, कारण सुरुवातीच्या गोष्टींना पैसा लागत नाही की भांडणही. साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांना धरून हे लिहिते आहे. त्यापुढच्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात.

खुंटीची उंची आणि डब्याचं झाकण

सगळ्यात जास्त बिघाड इथंच सापडतो आणि इथंच सगळ्यात कमी लोक बघतात.

डब्याचंच घ्या. "डबा तसाच परत आणतो, खातच नाही," ही तक्रार नेहमीची. चारही बाजूंनी क्लिपा असलेला घट्ट डबा असतो, भाजीचं तेल सांडू नये म्हणून घेतलेला. मधल्या सुट्टीत चार वर्षांचं मूल तो मांडीवर घेतं. एक क्लिप उघडतं, दुसरीला जोर लावताना तळहात पहिलीवर पडतो आणि ती खटकन् परत बसते. पुन्हा करून बघतं. शेजारच्याचं खाऊन झालेलं असतं. मग हे डबा गुपचूप दप्तरात सारतं आणि विचारलं की "भूक नाही" म्हणतं. घरी आईला वाटतं भाजी आवडली नसेल, म्हणून दुसऱ्या दिवशी भाजी बदलते. डबा मात्र तोच राहतो. डबा घ्यायला जाताना मुलाला सोबत न्या आणि दुकानातच त्याच्याकडून दोनदा उघडून बंद करून घ्या. दुकानदार काही म्हणत नाही.

सोलापूरचा टॉवेल जगभर जातो आणि आपल्याच घरी पोराचा नॅपकिन मोठ्यांच्या डोक्याच्या उंचीवरच्या खिळ्याला टांगलेला. ओले हात ते चड्डीला पुसणार नाही तर काय करणार? त्याच्या छातीच्या उंचीला एक खिळा ठोका. चपलांच्या स्टँडचा सगळ्यात खालचा कप्पा त्याचा. बेसिनपाशी न घसरणारा पाट. पाण्याची बाटली लिटरची नको, भरल्यावर त्याला एका हाताने उचलता येईल एवढीच.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं, तेव्हा टेबल-खुर्च्या मुलांच्या मापाच्या करून घेतल्या होत्या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर महागडी साधनं बाजूला ठेवली आणि बिया, शंख, पानं असं आजूबाजूला मिळणारं सामान वापरलं. आज ‘माँटेसरी’ नावाचं लाकडी सामान हजारो रुपयांना विकलं जातं ते पाहिलं की गंमत वाटते. माप मुलाचं असावं आणि सामान घरातलं, एवढं जमलं तरी पुष्कळ.

काही कामं तर उंची नीट असूनही एकट्या मुलाला जमणारी नसतात. सोलापुरी चादरीची घडी हे त्यातलं एक. वीण जाड, चादर त्याच्यापेक्षा लांब. "उठल्यावर अंथरूण आवर" असं सांगून आपण स्वयंपाकघरात गेलो की पाच मिनिटांनी चादरीचा बोळा आणि त्यावर बसलेलं मूल दिसतं. हे काम दोघांचं करा. दोन कोपरे तुमच्या हातात, दोन त्याच्या. ताणून धरायची, एकदा झटकायची. मग त्याने चालत तुमच्याकडे यायचं, त्याचे कोपरे तुमच्या कोपऱ्यांवर ठेवायचे आणि खाली वाकून लोंबणारी घडी पकडायची. पुन्हा चालत यायचं. दर खेपेला चादर निम्मी होते, हे पोरांना फार आवडतं. शेवटी झालेला चौकोनी गठ्ठा छातीशी धरून त्याने कपाटापर्यंत न्यायचा. एकट्यासाठी आधी नॅपकिन, मग टॉवेल. उशीचा अभ्रा चढवणं साधारण सहाव्या वर्षी येतं. चादर एकट्याला मात्र त्यानंतरही बराच काळ जमत नाही.

ही तपासणी करायची रीत सोपी आहे. एकदा काही न बोलता, काही न करता, शेजारी बसून फक्त बघा. हात नेमका कुठं अडतो ते दिसतं. आपण एरवी ओरडत असतो म्हणून ते दिसत नाही.

तुमचा हात किती लवकर पुढे जातो?

सकाळची वेळ. मूल शर्टाचं बटण लावायला बघतंय, खाली रिक्षावाले काका हॉर्न देतायत, गॅसवर दूध. तुम्ही पटकन खाली बसून सगळी बटणं लावून टाकता. त्यात चूक काही नाही, रिक्षा काही थांबत नाही. चूक असते ती बटण शिकवायला सकाळ निवडण्यात. नवीन काम शिकवायची वेळ संध्याकाळची किंवा रविवार दुपारची. सकाळी त्याला पक्कं जमतंय तेवढंच त्याच्याकडे ठेवा. वरची बटणं तुम्ही, खालची दोन त्याची. महिन्याभराने तीन.

दुसरा प्रकार जास्त नडतो. मुलाने नॅपकिनची घडी घातली, वेडीवाकडी. आपण "वा वा" म्हणतो आणि लगेच त्याच्यासमोर ती उलगडून पुन्हा घालतो. मुलं भोळी असतात पण आंधळी नसतात. आपलं काम हे लोक परत करतातच हे एकदा कळलं की मूल का करेल? घडी वाकडी तर वाकडी. फारच खुपत असेल तर मूल झोपल्यावर करा.

आणि मग आजी. या विषयावर सुनांनी माझ्याकडे बरंच मन मोकळं केलं आहे. मूल ताट उचलायला वाकलं की आजीचा हात आधी पोचतो. "राहू दे की गं, लेकरू आहे ते. आयुष्यभर करायचंच आहे त्याला." आईने काही म्हटलं की घरात धुसफूस, आणि तेवढ्यात पोरगं पसार. घरात दोन नियम असले की मूल सोपा नियम निवडतं. मोठी माणसंही तेच करतात.

आजीशी वाद घालून हे सुटत नाही, मुलासमोर तर अजिबातच नाही. एक काम पूर्णपणे आजीच्या ताब्यात द्या, शिकवणारीही तीच आणि हुकूमही तिचाच. आपल्याकडे त्यासाठी शेंगाचटणीसारखं दुसरं काम नाही. शेंगा फोडायला आजीच्या शेजारी ताट घेऊन बसायचं, टरफलं एकीकडे, दाणे दुसरीकडे. कुजका दाणा वेगळा काढायचा. दाणे भाजायचं काम आजीचं. गार झाल्यावर ते चोळून, सुपात पाखडून साल उडवायची. मुलाने फुंकर मारली तर साल सगळ्या घरभर, तेही होऊ द्या एकदा. मग लसूण सोलणं. तिखट-मीठ घालायला आजी, आणि खलबत्त्यात पहिले चार दणके पोराचे. आपण कुटलेली चटणी कडक भाकरीवर पाहुण्यांना वाढली जाते तेव्हा त्या पोराच्या तोंडाकडे बघा. ज्या आजीने शेंगा फोडायला लावल्या, ती संध्याकाळी ताट उचलतानाही मग "राहू दे" म्हणत नाही, कारण आता तिचाच विद्यार्थी असतो तो. एक सांभाळायचं: लहान मुलाने अख्खा दाणा तोंडात टाकून पळू नये, हसू-खिदळू नये. दाणा श्वासनलिकेत अडकतो. चार-पाच वर्षांखालच्यांना कूट किंवा चटणीच द्या.

ज्या घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात, त्या घरांसाठी एक वेगळी सूचना. मूल आईशेजारी बसून पानं कापायला, दोरा गुंडाळायला मागतं, कारण त्याला आईसारखं करायचं असतं. ते काम द्यायचं नाही. तंबाखूची धूळ आणि पोटापाण्याचं काम, दोन्ही मुलाच्या वाट्याला नकोत. त्याला सुपापासून दूर बसवून मेथी निवडायला द्या.

मुलीला लाटणं आणि मुलाला मोबाईल, असं ज्या घरात चालतं तिथं खरी दुरुस्ती मोठ्यांपासून सुरू करावी लागते. बाबा ताट उचलत नसतील तर मुलगा उचलणार नाही. यावर जास्त लिहायची गरज वाटत नाही.

चांदण्या, चॉकलेट आणि गड्ड्यातलं खेळणं

तक्ता गुरुवारपर्यंत चालतो तो चांदण्यांच्या जोरावर, आणि पडतो तोही त्यांच्यामुळेच. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी ठसा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी होती. आवडीचं काम मजुरीचं झालं होतं.

मुलांना मदत करायला शिकवावं लागतं, हा समजही पुरता खरा नाही. २००६ मध्ये वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर मोठ्या माणसाला कपडे वाळत घालायला लावले. त्याच्या हातून चिमटा खाली पडायचा आणि तो वाकून हात लांब करायचा. बहुतेक मुलं आपणहून जाऊन चिमटा उचलून देत. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुलं पुढे मदत कमी करतात. गच्चीवर कपडे वाळत घालताना पायात लुडबुडणारं मूल आठवा. ते मदतच करायला आलेलं असतं आणि आपण त्याला "जा, खेळ जा" म्हणून हाकलतो. पाचव्या वर्षी त्यालाच बोलवायला चॉकलेट दाखवावं लागतं.

आपल्याकडे बक्षिसाचा हंगामही ठरलेला आहे. डिसेंबर उजाडला की घराघरांत "नीट वागलास तर गड्ड्यात मोठं खेळणं घेऊ" सुरू होतं. गड्डा म्हणजे सोलापुरातली जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा. तोपर्यंत पोरगं सोन्यासारखं. होम मैदानावर खेळणं हातात पडलं की दुसऱ्या दिवशी ताट जिथल्या तिथं. त्यात बऱ्याचदा कबूल केलेलं मोठं खेळणं महाग निघतं, मग आपण फुगा घेऊन समजूत काढतो. शब्द पाळायचा नसतो, हे मूल त्या रात्री आपल्याकडूनच शिकतं.

गड्डा वागण्याशी जोडूच नका. तो पैसे शिकवायला वापरा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला निघण्याआधी घरीच ठरलेली रक्कम द्या, त्याच्या खिशात. पाळणा, भेळ, खेळणं, काय ते त्याने ठरवायचं. संपले की संपले. पहिल्या दुकानातच सगळे घालवून ते पाळण्यापाशी रडणार, तुमच्या खिशात पैसे असणार आणि आजोबांचा हात खिशाकडे जाणार. तिथं टिकलात तर पुढच्या वर्षी तेच मूल आधी सगळा गड्डा फिरून बघतं, मग पैसे काढतं. पाळणेवाल्याला पैसे त्यानेच द्यायचे, उरलेले त्यानेच मोजून घ्यायचे, "काका" म्हणून.

मग बक्षिसाऐवजी काय? जे झालं ते सांगायचं. "तू चपला कप्प्यात ठेवल्यास, आजी अडखळली नाही." बास. "किती गं माझं गुणाचं बाळ" रोज ऐकवलं की मुलाला त्याचीही चटक लागते.

काम खरं असावं लागतं

माझं सगळ्यात ठाम मत यावर आहे. मुलाला आपण बऱ्याचदा सोंगाची कामं देतो, म्हणजे केलं काय, न केलं काय, घराचं काही अडत नाही. खेळण्यातली पोळी लाटायची, रिकाम्या पेल्याने रिकामा पेला भरायचा. तीन वर्षांच्या मुलाला त्यात गोडी असते, पाचव्या वर्षी त्याला सोंग ओळखू येतं. मग ते आपलं कामही सोंगासारखंच करतं.

सोलापुरात राहणाऱ्याला खरं काम शोधायला लांब जावं लागत नाही. नळाला पाणी तीन-चार दिवसांआड येतं, कधी त्याहून उशिरा, आणि आलं की अख्खी गल्ली जागी होते. मोटारी सुरू, बादल्यांचे आवाज, "आलं का हो तुमच्याकडं?" या धांदलीत मुलाला आपण कॉटवर बसवून ठेवतो, मध्ये येऊ नको म्हणून. खरं तर याच दिवशी त्याची घरात गरज असते. छोटी कळशी भरत आली की हाक मारायची. भरलेल्या भांड्यांवर झाकणं ठेवायची, प्रत्येकाचं झाकण शोधून. फिल्टरचं पिंप भरताना तोटी बंद आहे ना ते बघायचं. जुनं पाणी ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतायचं नाही, मगाने कुंड्यांना घालायचं. उन्हाळ्यात गच्चीवर पाखरांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं भरायचं. यातलं एक काम चुकलं तरी घरात कळतं. झाकण राहिलं तर पाण्यात कचरा पडतो, कुंडी राहिली तर तुळस माना टाकते. पाणी वाया घालवू नये हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही, कारण ते भरताना त्याची स्वतःची पहाटेची झोप गेलेली असते.

हौदापाशी मात्र मुलाला एकट्याला सोडायचं नाही. हौदाचं झाकण जड आणि बंद. अगदी लहान भावंड घरात असेल तर भरलेली बादलीही उघडी नको. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

"चुकलं तर परिणाम भोगू द्या" हा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. तो सोलापूरच्या उन्हाळ्यात जरा जपून वापरा. चित्रकलेची वही विसरला तर विसरू द्या, बाई काय म्हणायचं ते म्हणतील. पाण्याची बाटली विसरला तर पारा ४२-४३ वर असताना त्याला तहानलेलं ठेवून धडा शिकवायचा नसतो. बाटली नेऊन द्या आणि संध्याकाळी दारापाशी बाटलीची जागा बदला.

घंटागाडी हेही असंच उत्तम काम. गाडीचं गाणं ऐकू आलं की सुक्याची पिशवी घेऊन खाली जायचं, मोठं माणूस ओल्याची बादली घेऊन सोबत. गाडीवरच्या मावशींना "घ्या मावशी" म्हणून हातात द्यायचं, लांबून फेकायचं नाही. मोठ्यांना नमस्कार करायला आपण मुलांना आवर्जून शिकवतो, तो बहुतेक पाहुण्यांपुरता. रोज आपला कचरा नेणाऱ्या बाईंशी मूल कसं बोलतं, त्यावरून घरचं वळण जास्त कळतं. संध्याकाळी शुभं करोति तोंडपाठ म्हणणारी मुलं रिक्षातून वेफर्सचं पाकीट रस्त्यावर भिरकावताना मी रोज बघते, आणि शेजारी बसलेले पालक गप्प असतात.

"केलं" म्हणतो, पण केलेलं नसतं

हा बिघाड चौथ्या-पाचव्या वर्षी नव्याने दिसतो आणि पालक घाबरतात, मूल खोटं बोलायला लागलं म्हणून. बहुतेक वेळा खोटं आपणच बोलायला लावतो. समोर कोरडे, धुळीचे हात दिसत असताना "हात धुतलेस का?" असं का विचारायचं? खरं बोललं तर रागावणार, "हो" म्हटलं तर कदाचित सुटका. मूल "हो"च म्हणणार. उत्तर आपल्याला दिसत असेल तर प्रश्न विचारू नका. "हात धुवायचे राहिले, चल" एवढंच. आणि एखाद्या दिवशी आपणहून "मी नाही धुतले" म्हणालं तर त्या क्षणी त्याला रागवायचं नाही, जेवण गार झालं तरी चालेल.

दारात वर्गणी मागायला कुणी आलं की "बाबा घरी नाहीत सांग" असं मुलाला पढवणारी घरंही बरीच आहेत. त्यांनी ही तक्रार माझ्याकडे आणू नये.

पाचवा दिवस

वरचं सगळं नीट असूनही सवय मोडते. पाहुणे आले, ताप आला, मामाच्या गावी आठ दिवस गेले. मार्चमध्ये ऊन वाढलं की शाळा सकाळची होते आणि दिवसाचं सगळं गणित बदलतं. संध्याकाळी पाचला ठरलेलं दप्तराचं काम दुपारी बारालाच दारात येऊन उभं राहतं आणि राहून जातं.

म्हणून काम घड्याळाला बांधू नका, आधीपासून होणाऱ्या गोष्टीला बांधा. दप्तर टेकलं की डबा बेसिनमध्ये. चप्पल निघाली की कप्प्यात. दात घासले की पाण्याची बाटली भरून दारापाशी. शाळा बाराला सुटो की पाचला, दप्तर टेकणारच. एका वेळी एकच जोडी पक्की करायची. "हात धू, डबा काढ, कपडे बदल आणि वही आण" ही लांबण तीन-चार वर्षांच्या डोक्यात मावत नाही. पहिलं किंवा शेवटचं तेवढं राहतं, आणि आपण म्हणतो ऐकत नाही.

२१ दिवसांत सवय लागते असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते डोक्यातून काढा. लंडनमध्ये मोठ्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एखादी गोष्ट आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, कुणाला १८ पुरेसे तर कुणाला २५४. मोठ्यांची ही कथा असेल तर पाच वर्षांच्या मुलाने सोमवार ते शुक्रवारात शिकावं ही अपेक्षा जरा जास्तच. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. घरात फरक पडतो तो चुकल्यानंतरच्या भाषणामुळे. "बघितलंस, चार दिवसांत तुझं सगळं संपलं, तुला सांगून काही उपयोगच नाही" हे ऐकल्यावर मूल लागत आलेली सवय सोडतं आणि ‘सांगून उपयोग नसलेलं’ हे नवं नाव स्वीकारतं.

सुट्टीवरून आल्यावर सगळी कामं एकदम सुरू करू नका. आधी सगळ्यात सोपं, बहुतेक चपलाच. दोन दिवस तुम्ही त्याच्यासोबत दारापाशी थांबा, तोंडाने काही सांगू नका, कप्प्याकडे नुसतं बघा. तिसऱ्या दिवशी डबा. जुनं उकरून काढायचं नाही. आणि तक्ता लावायचाच असेल तर त्यात घरातल्या सगळ्यांची नावं आणि कामं घाला, बाबांनी गाडीची किल्ली जागेवर ठेवण्यासकट.

धाकटं भावंड झाल्यावर मोठ्याची जमलेली कामं एकदम बंद पडतात, "मला भरव" सुरू होतं. हे बिघाडात धरू नका. काही आठवडे भरवा. सोबत बाळाचं एक खरं काम त्याच्याकडे द्या, दुपट्यांची घडी किंवा अंघोळीच्या वेळी टॉवेल आणून देणं. "आता तू मोठा झालास ना" हे वाक्य मात्र टाळा. त्या दिवसांत मोठं होण्यात त्याला काहीच फायदा दिसत नसतो.

एवढं करूनही जमत नसेल तर

आता मुलाकडे बघा. आधी झोप. रात्री अकरापर्यंत मोबाईल बघून सकाळी सहाला उठवलेलं मूल कुठलीच सूचना धड घेणार नाही. मग कान. पाठमोरं असताना हळू आवाजात हाक मारून बघा, वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत ऐकू कमी येणं नेहमीचं आहे. डोळे तपासा. फिकट आणि सतत दमलेलं असेल तर रक्त.

चार वर्षांचं मूल "बाटली घे आणि बाबांना दे" इतकी दोन पायऱ्यांची सूचना घेत नसेल, नावाने हाक मारल्यावर सहसा वळत नसेल, किंवा आधी बोलत असलेले शब्द, येत असलेली कामं गमावत असेल, तर शिस्तीचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. जाताना तक्रार "ऐकत नाही" अशी सांगू नका, त्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. कोणतं काम, कुठल्या पायरीला अडतं, घरी आणि शाळेत वेगळं वागतं का, आधी जमत होतं का, हे आठवडाभर बघून एका कागदावर लिहून न्या. बालवाडीच्या बाईंनाही विचारा, तुमच्या नजरेतून सुटलेलं त्यांनी बहुतेक टिपलेलं असतं.